थांबलेला हात

शकुन, तुझ्या शोकसभेत जो उठला त्यानं तुला शांत म्हटलं. शांत, संयमी, मितभाषी. मी मागच्या रांगेत तोंडाला पदर लावून हसत होते आणि शेजारच्या बाईंना वाटलं, मला हुंदका आवरत नाही. त्यांनी बिचाऱ्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. तू असतीस तर मला कोपरानं ढोसून म्हणाली असतीस, "हसू नको गं सुधे, माझ्याबद्दल बोलायलेत ते." मितभाषी म्हणे! तुझ्या वॉर्डात एखाद्या शिकाऊ डॉक्टरनं हात न धुता बाळाच्या काचेच्या पेटीची खिडकी उघडली की तुझा आवाज खाली केसपेपरच्या रांगेपर्यंत ऐकू जायचा. पेटीपाशी पोचलीस की मात्र तोच आवाज कुठं जायचा कोण जाणे. त्या सगळ्यांनी तुला बहुतेक पेटीपाशीच पाहिलं असणार.

मलाही दोन शब्द बोलायला सांगितलं होतं. मी नाही म्हटलं. आपलं भांडण अर्धवट राहिलंय, ते माइकवर कसं सांगणार? म्हणून आता घरी लिहायला बसले. तू उलट उत्तर देणार नाहीस याचा मला राग येतोय, आणि खरं सांगायचं तर थोडी सोयही झालीय.

आपली मैत्री सुरू झाली ती छावणीच्या मैदानावर, तुझ्या भावाच्या जुन्या मोपेडवर. तू चितेगावहून बसनं मेडिकल कॉलेजला यायचीस. एक दिवस तुझ्या डोक्यात आलं, आता गाडी शिकायची. मागं बसायला वर्गातलं कुणी तयार होईना, म्हणून मी बसले. गाडी पळवायला तुला पहिल्याच फेरीत जमलं. ब्रेक मात्र तुझ्या बोटांना कळेना. एक तर तू तो दाबायचीच नाहीस, नाहीतर असा करकचून दाबायचीस की माझं नाक तुझ्या वेणीत घुसायचं. कडेला भुट्टे भाजणारे चाचा शेवटी ओरडले, "अरे बेटी, ब्रेक को दुश्मन नक्को समझो! हल्लू दबाओ, हल्लू!" तो 'हल्लू' तू तेव्हा जो उचललास तो जन्मभर सोडला नाहीस.

पुढं तू वेळेआधी जन्मलेल्या बाळांचा वॉर्ड सांभाळू लागलीस आणि मी शरीरक्रियाशास्त्र शिकवू लागले. मी प्रयोगशाळेत बेडकाच्या हृदयाचे आलेख काढायचे म्हणून तू माझं नाव बेडूकवाली ठेवलंस. माझ्या विद्यार्थ्यांसमोरसुद्धा तू मला त्याच नावानं हाक मारायचीस. आणि मी जे वर्गात तासभर सांगून मुलांना जांभया आणायचे, तेच तू भेदरलेल्या आयांना त्या मोपेडवर बसवून सांगायचीस. हृदयाला दोन हात चालवतात, एक पळवणारा आणि एक आवरणारा. पळवणारा हात आईच्या पोटात लवकर तयार होतो. आवरणारा शेवटच्या महिन्यांत शिकतो. सातव्या महिन्यातच बाहेर आलेल्या बाळाचं ते शिक्षण राहून गेलेलं असतं. मग त्याचं हृदय एक तर एकसुरी पळत सुटतं, नाहीतर जरा गार लागलं, जरा दचकलं, श्वास घ्यायचं विसरलं, की ब्रेक असा करकचून लागतो की ठोके खाली खाली जातात आणि बाळ निळं पडतं. त्याला वॉर्डात सगळे 'ब्रेडी' म्हणायचे. रक्तदाबाचंही तसंच. आपण झोपेतून उठून उभं राहिलो की अंगातल्या रक्तवाहिन्या आपसूक आवळतात आणि रक्त डोक्यापर्यंत पोचत राहतं. या पोरांच्या रक्तवाहिन्यांना ते अजून येत नसतं, त्यामुळे एकदम उचललं की ती पांढरीफटक पडतात. तू आयांना म्हणायचीस, "तुमच्या पोरीला गाडी पळवता येती. ब्रेक शिकायलीय ती. तवर आपण हल्लू घ्यायचं."

हल्लू हा तुझ्या वॉर्डातला कायदाच होता. पेटीत हात घालायचा, तळवा बाळाच्या पाठीवर ठेवायचा आणि थांबायचं. काही करायचं नाही. कुणीतरी आलंय हे बाळाला कळू द्यायचं. मग डोकं आणि अंग एका पातळीत ठेवून सावकाश उचलायचं. शिकाऊ पोरं त्या थांबण्याला 'मॅडमचा सिग्नल' म्हणायची. सिग्नल तोडणाऱ्याची तू जी हजेरी घ्यायचीस ती ऐकायला मी मुद्दाम जेवणाच्या सुट्टीत तुझ्या वॉर्डात यायचे.

आणि एक गोष्ट होती. मशीनवर ठोक्यांचा आकडा एकसारखा स्थिर दिसला की नातेवाईक खूश व्हायचे. तुझ्या कपाळावर मात्र आठी पडायची. "हृदय घड्याळासारखं चालायलं की मला भ्या वाटतं," म्हणायचीस. श्वास आत घेताना जरा धावायचं, सोडताना जरा रेंगाळायचं, कुणी बोललं तर दचकायचं आणि परत जागेवर यायचं, असं वाकडंतिकडं चाललेलं हृदय तुला हवं असायचं. कारण मग दोन्ही हात कामाला लागलेले असतात. हे पुस्तकात मीही वाचलं होतं. पण आकडा वर-खाली होताना बघून आनंदानं टाळी वाजवणारी बाई मी तुझ्याआधी पाहिली नव्हती.

आपलं भांडण दुष्काळाच्या उन्हाळ्यात सुरू झालं. शहर तेव्हा चहूबाजूंनी वाढत होतं. पैठण रस्त्यावर नव्या इमारतींच्या जाहिराती लागल्या होत्या, आणि प्रत्येक जाहिरातीत निळाशार पोहण्याचा तलाव. इकडे पुंडलिकनगरात आमच्या नळाला पाणी आलं की लोक एकमेकांना फोन करून सांगायचे. तुझ्या वॉर्डालाही टँकर लावावा लागला. तू बजावलंस, हात धुवायच्या पाण्याला कुणी हात लावायचा नाही, बाकी कुठंही काटकसर करा. मग बाळांचं रोज सकाळी ओल्या फडक्यानं अंग पुसायचं ते बंद झालं. थोड्याच दिवसांत तुझ्या लक्षात आलं की सकाळच्या वेळी वॉर्डात मशीनं फारशी वाजत नाहीत. पोरं ब्रेडी करेनाशी झाली होती.

तू धापा टाकत माझ्या प्रयोगशाळेत आलीस. मी म्हटलं, "सोपं आहे. ओलं अंग गार पडायचं, आता पडत नाही."

"नाय," तू म्हणालीस. "हात कमी लागायलेत."

मी गारवा म्हणत राहिले, तू हात म्हणत राहिलीस. मी पुस्तकं उघडली, तू मला ओढत पेट्यांपाशी नेलंस. शेवटी मी म्हटलं, काही बाळांना कोमट पाण्यानं पुसू, काहींना न पुसता नुसतं हाताळू, निकाल आपोआप लागेल. तेव्हा तू माझ्याकडे असं बघितलंस की मी मागं सरकले. "पोरांवर पैज नाय लावायची सुधे. तुझे बेडूक आण." निकाल तिथंच अडकला आणि भांडण मात्र दर रविवारी छावणीतल्या हॉटेलात चहाबरोबर चालू राहिलं. तिथला म्हातारा वेटर आपल्याला लांबून बघूनच आत सांगायचा, "दो चाय, एक झगडा."

त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातही पाऊस लांबलेला होता, आणि माझ्या लेकीचं, मुक्ताचं, सातव्या महिन्यात बीपी चढलं. सिझेरियन करून बाळ बाहेर काढावं लागलं. मुक्ता अतिदक्षता विभागात, जावई कामासाठी मस्कतला गेलेले आणि त्यांना विमान मिळेना. मी स्वतः त्या वर्षीच्या धुळीनं खोकून बेजार. वॉर्डात पाऊल टाकणार तोच तू मला दारात अडवलंस. "खोकला हाय ना? काचंच्या बाहेर थांब. आजी झालीस तर काय झालं?" मला तुझा इतका राग आला होता आणि तुझ्याशिवाय कुणावर विश्वासही नव्हता.

नात ओंजळीत मावेल एवढी होती. काचेतून मला तिची टोपी आणि इवलंसं तोंड, एवढंच दिसायचं. श्वास विसरू नये म्हणून तू तिला कॅफीन चालू केलं होतंस. एरवी मी तुला चिडवलं असतं, की स्वतः जन्मभर चहा ढोसतेस आणि पोरांना कॉफी पाजतेस. त्या दिवशी चिडवायचं सुचलं नाही. औषध असूनही ती ब्रेडी करत होती. मशीन वाजायचं, तू तिच्या तळपायाला टिचकी मारायचीस, ती परत यायची. दर वेळी परत येईल का, एवढाच एक प्रश्न माझ्या डोक्यात होता.

तिला आता कुणाची तरी छाती हवी होती. उघडी, उबदार छाती, जिच्यावर ती तासन्‌तास पडून राहील आणि मोठ्या हृदयाशेजारी आपलं हृदय आवरायला शिकेल. मुक्ता शुद्धीवर पुरती नव्हती, जावई नव्हते आणि मला खोकला. राहिल्या फक्त विहीणबाई.

विहीणबाई पैठणच्या. घरात पिढ्यान्‌पिढ्या भिक्षुकी, मुलगा शिकून इंजिनिअर झालेला, पण सोवळं त्यांच्या हातापायात मुरलेलं. बाई मनानं कधीच वाईट नव्हत्या. त्या बसनं आल्या त्या कॅनभर गोदावरीचं पाणी घेऊन. नातवंडाची पहिली आंघोळ गोदेच्या पाण्यानं आणि ती झाल्याशिवाय घरच्या बाईनं बाळाला अंगाशी घ्यायचं नाही, ही त्यांच्याकडची रीत. त्या वर्षी धरण तळाला गेलेलं. चप्पल हातात घेऊन, चिखल तुडवत पात्रात आत जाऊन त्यांनी ते पाणी भरलं होतं. साडीचा काठ अजून मातकट होता.

तू त्यांना वॉर्डाच्या दाराशी, हात धुवायच्या जागी बसवून समजावलंस. आंघोळ नाही, पुसणंही नाही, नुसतं छातीशी धरायचं. त्या ऐकून घेत होत्या, मान हलवत होत्या. मग म्हणाल्या, "नाही हो डॉक्टरीणबाई. आंघोळीआधी मला नाही घेता यायचं. विटाळ असतो."

काचेबाहेर मला सगळं ऐकू येत होतं. हा शब्द तुझ्या तोंडावर! हॉस्टेलमध्ये एकदा, दिवे गेले होते तेव्हा, तू मला सांगितलं होतंस. तुझी आजी गावच्या विहिरीपाशी घागर खाली ठेवून लांब उभी राहायची. कुणी वरून ओतलं तर तिला पाणी. पुढं तुझ्या आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, पोरांना शाळेत घातलं, आणि त्यांची नात डॉक्टर झाली. ते सांगताना तुझा आवाज चढला नव्हता. म्हणून तो मला जास्त लक्षात राहिला होता.

मी तुझ्या चेहऱ्याकडे बघितलं. तुझं लक्ष आतल्या मशीनकडे होतं. तेवढ्यात ते वाजलंच. तू हात चोळत आत गेलीस, तळवा पाठीवर ठेवलास, थांबलीस, तिच्या तळपायाला टिचकी मारलीस. निळी पडलेली पोरगी गुलाबी झाली. विहीणबाई दारातून हे सगळं बघत होत्या आणि त्यांचे ओठ हलत होते.

तू बाहेर आलीस. "ताई, बाळाला मी पाणी लावू देणार नाय. तिला सोसणार नाय ते. पण तुम्ही एवढ्या लांबून आणलंय, ते वाया पण जाऊ देणार नाय. तुम्ही न्हा ह्या पाण्यानं. हात, गळा, छाती. पोरगी तुमच्याच अंगाला टेकणारय ना? मग तिला गोदाच लागली की."

"असं कुठं असतं का?"

"आजवर नव्हतं. आजपासनं असंल."

विहीणबाईंनी कॅन पुढं सरकवला. मग त्यांनी विचारलं, "आणि पाणी कोण घालणार? आपलं आपण घ्यायचं नसतं ते."

"मी वतते," तू म्हणालीस.

शकुन, त्यांना तुझं आडनाव माहीत होतं. दारावर पाटी होती. त्यांनी तुझ्याकडे बघितलं, आत पेटीकडे बघितलं. आणि बांगड्या मागं सारून दोन्ही हात पुढं केले.

तू तू होतीस, त्यामुळे लगेच ओतायला सुरुवात केली नाहीस. आधी ते पाणी गाळून घेतलंस, उकळायला लावलंस, कोमट होऊ दिलंस. "उकळलेली गोदा!" असं विहीणबाई पुटपुटल्या, ते मला बाहेर ऐकू आलं. साबण झाला, मग तू स्टीलच्या भांड्यानं सावकाश धार धरलीस आणि त्यांनी ती हातांवर घेतली, गळ्याला लावली, डोळ्यांनाही लावली. शेवटी तू त्यांच्या तळव्यांवर वॉर्डातलं स्पिरिट टाकलंस, तेही त्यांनी निमूट चोळून घेतलं. काचेबाहेर मी ढसाढसा रडत होते. नातीसाठी रडत होते की तुझ्या आजीसाठी, ते मला तेव्हा कळलं नाही आणि आताही सांगता येणार नाही.

अर्धवट ओढलेल्या पडद्याआड आरामखुर्चीत विहीणबाई मागं टेकून बसल्या. तू पेटीत हात घातलास आणि थांबलीस.

"द्या ना आता," त्या म्हणाल्या.

"हल्लू, ताई. तिला कळू द्या."

मग ती पोरगी त्यांच्या छातीवर उपडी पडली, वरून पांघरूण आलं आणि सगळे मशीनकडे बघत राहिलो. आधी ठोके पळाले. नंतर एकसुरी चालले. तू खाली बसूनच होतीस, खुर्चीच्या हाताला धरून. किती वेळ गेला कुणास ठाऊक, तू उठलीस, काचेपाशी आलीस आणि माझ्यासमोर काचेवर बोटानं एक रेघ काढलीस. वर, खाली, परत वर, जरा रेंगाळून खाली. वाकडीतिकडी. तुझं बोट काचेवर फिरत होतं आणि तुझे सगळे दात दिसत होते.

संध्याकाळ झाली तरी विहीणबाई उठायला तयार होईनात. "हिचं पोट माझ्या पोटावर हलतंय हो," एवढंच सारखं सांगत होत्या. दुसऱ्या दिवशी आल्या आल्या त्यांनी आधी खुर्ची अडवली. कॅनमधलं पाणी संपलं तेव्हा तू त्यांना म्हणालीस, "नळाला पण धरणाचंच पाणी येतं ताई, तुमचीच गोदा." त्या म्हणाल्या, "नळाचं ते नळाचं." आणि त्याच नळाखाली हात धुऊन जागेवर जाऊन बसल्या. नातीचं नाव त्यांनीच ठेवलं, गौतमी, गोदेचंच दुसरं नाव. तिला घरी नेलं त्या दिवशी त्यांनी तुला वाकून नमस्कार करायला घेतला तेव्हा तू चक्क पळून गेलीस.

पुढच्या रविवारी छावणीत मी चहा यायच्या आधीच सुरुवात केली. म्हटलं, "बघ. दिवसदिवसभर हात लागत होता पोरीला, आणि ब्रेडी थांबली. हात वाईट नव्हते. ऊब मिळाली म्हणून थांबली. हरलीस."

"मी हात कुठं म्हणले होते? घाईचे हात म्हणले होते."

"'घाईचे' हा शब्द तू आत्ता जोडलास."

"पहिल्यापासनं होता. तुला ऐकू आला नाय, बेडकं वरडत असतील."

मी इतकी चिडले की वेटरनं न सांगता नानखटाई आणून ठेवली. मग जरा वेळानं मी तुला विचारलं, ते पाणी ओतताना तुला काय वाटत होतं. तू म्हणालीस, "पोरगी ब्रेडी करायली होती. मला काय वाटायला टाइम होता व्हय?" आणि नानखटाई चहात बुडवत बुडवत, माझ्याकडे न बघता म्हणालीस, "आजी असती तर हसली असती. लई हसली असती." नानखटाई तुटून कपात पडली. तू ती चमच्यानं काढून खाल्लीस आणि विषय संपला.

त्या दिवसाबद्दल मी तुला कधी आभाराचा शब्द बोलले नाही. बोलायला तोंड उघडलं की तू लगेच विचारायचीस, "गारवा का हात?" आणि मी भांडायला लागायचे. आपल्यात तेच बरं होतं. तरी आज लिहून ठेवते. शकुन, माझी नात तू मला दिलीस. आता पळून जाऊ शकत नाहीस, ऐकून घे.

मधल्या वर्षांत सगळं किती वाढलं. तुझा वॉर्ड मोठा झाला, नवी मशीनं आली, आणि सिग्नल तोडणाऱ्या शिकाऊंची नवी तुकडी दर वर्षी आली. निवृत्त झाल्यावर तू चितेगावला भावाकडे राहायला गेलीस तेव्हा मी म्हटलं होतं, तिथं काय करशील? पण शहरच तुझ्या मागोमाग तिथवर आलं. घराच्या एका बाजूला कारखान्याची शेड, दुसऱ्या बाजूला प्लॉट पाडून लावलेले खांब. पाणी अजून टँकरचंच. गच्चीवर उभं राहून तू मला दाखवायचीस, इथं ज्वारी होती, इथं बोरी होत्या. तक्रार म्हणून नाही. जुनं घर दाखवावं तसं.

गौतमी तुझ्याकडे यायला कायम एका पायावर तयार. ती आत आली की तू आधी तिचं मनगट धरायचीस. चॉकलेट नंतर. नाडी बघताना डोळे मिटायचीस, आणि तिनं विचारायचं, "कशी आहे शकुनआजी?" तू म्हणायचीस, "वाकडी हाय. लई वाकडी." ती म्हणायची, "मग बरंय." तेव्हा कुठं कपाट उघडायचं. पाचवीत गेली तरी त्या दोघींचा हा खेळ चालू होता.

शेवटचं भेटलो तेव्हा तू पलंगावर होतीस आणि आवाज बारीक झाला होता. मी म्हटलं, "आता तरी कबूल कर, गारवा." तू म्हणालीस, "आधी तू." निघताना मी तुझ्या हातावर हात ठेवला आणि लगेच उचलणार होते, कारण बाहेर रिक्षा थांबली होती. तू डोळ्यांनीच मला दटावलंस. मग मी हात तसाच ठेवला. रिक्षावाला दोनदा हॉर्न वाजवून गप्प झाला.

परवा शोकसभा संपल्यावर आम्ही सगळे तुझ्या घरी आलो. अंगणात सतरंजी, पांढऱ्या कपड्यातली माणसं, आत तुझ्या खोलीत फोटोपुढं मेणबत्त्या. विहीणबाई पैठणहून आल्या होत्या. गुडघे दुखतात, तरी आल्या. तुझ्या वहिनीनं दिलेलं पाणी प्यायल्या, भांडं खाली ठेवलं आणि फोटोपाशी गेल्या. फूल वाहायचं सोडून त्यांनी तळवा फोटोवर ठेवला आणि तशाच उभ्या राहिल्या. मागं रांग खोळंबली. कुणीतरी म्हणालं, "आजी, पुढं व्हा." त्या मागं न बघता म्हणाल्या, "थांबा जरा. तिला कळू द्या."

गौतमीला ते बघवलं नाही. ती उठून बाहेर पळाली. अंगणाला, घराला, कारखान्याच्या भिंतीपर्यंत तिनं फेऱ्या मारल्या, का ते तिलाच ठाऊक. मग धापा टाकत आत आली आणि तुझ्या रिकाम्या पलंगापाशी येऊन तिनं सवयीनं मनगट पुढं केलं. केलं आणि तिच्या लक्षात आलं. हात तसाच हवेत राहिला. तिच्या चेहऱ्याकडे बघवेना.

मी उठले. मला तो हात झटकन पकडायचा होता, तिला जवळ ओढून घ्यायचं होतं. पण मी तिच्या मनगटाखाली नुसता तळवा लावला आणि थांबले. तिचं मनगट हळूहळू माझ्या हातावर टेकलं. मग मी बोटं ठेवली. आधी ठोके नुसते पळत होते. तिनं हुंदका गिळला, एक लांब श्वास घेतला आणि ते आणखी धावले. श्वास सोडला तसे रेंगाळले. पुन्हा धावले, पुन्हा रेंगाळले.

"कशी आहे?" तिनं विचारलं.

"वाकडी हाय," मी म्हटलं. "लई वाकडी."

ती रडत रडत हसली आणि म्हणाली, "मग बरंय."

गारवा का हात, यात मी हरले असं मी अजूनही म्हणणार नाही. फक्त माझा हात तिथं थांबला होता, एवढं तुला सांगायचं होतं.